चालून घालवलेलं परत खावं का?

ईरा, परवा व्हिडिओ कॉलवर तू मनगट कॅमेऱ्याला चिकटवलंस आणि विचारलंस, "आजी, घड्याळ म्हणतंय मी आज चारशे कॅलरी जाळल्या. मग रात्री चारशे जास्तीच्या खाऊ शकते ना? हो की नाही, एवढंच सांग." मागून निशांत ओरडला, "पिझ्झा मागवून झालाय, आजी. तू नुसतं हो म्हण." तेवढ्यात तुमच्या दाराची बेल वाजली आणि उत्तर राहून गेलं.

राहिलं ते बरंच झालं. या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं की काय होतं, ते मी नोकरीत पाहिलेलं आहे. त्यातच एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'मॅडम, तुमच्या कामाविषयी लिहा' अशी गळ घातली. दोन्ही कामं एकदमच उरकते. लेख तुम्हा दोघांसाठी आहे. बाकीच्यांनी वाचला तर माझी हरकत नाही.

तुम्हाला एवढंच ठाऊक आहे की आजी 'हॉस्पिटलमध्ये' होती. मी आहारतज्ज्ञ होते. उमेदीची वर्षं लातूरला गेली, शेवटची नांदेडला, आणि निवृत्तीनंतर पुन्हा लातूरच्या घरी आले. शिक्षण हैदराबादला, सगळं इंग्रजीतून. पुस्तकात सफरचंद, ओट्स आणि उकडलेला मासा. समोर माणसं ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वरणभात खाणारी. नोकरीचं पहिलं वर्ष मी मनातल्या मनात भाषांतरच करत होते.

लोकांना वाटायचं, ही बाई जेवणावरच उठलेली आहे. जळकोटचे एक गृहस्थ दाराबाहेर बायकोला समजावत होते ते आत ऐकू आलं होतं: "चल आत. बाई भात काढून घेनार हाय, पर तिच्यासमोर रडू नको." मी भात काढला नाही. निम्मा केला. ते रडले, बायको हसली.

आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे समोरचा माणूस काय खातो हे शोधून काढणं. लोक खोटं बोलत नाहीत. पण मांडी घालून, ताट पुढ्यात घेऊन खाल्लं तरच ते त्यांच्या लेखी खाणं असतं. उभ्यानं खाल्लेलं, चहाबरोबर गेलेलं, उपवासाला चालणारं, पोरांनी ताटात टाकलेलं म्हणून संपवलेलं, यातलं काहीच त्यांच्या हिशेबात येत नाही. नांदेडला आमच्या क्वार्टरजवळच्या मैदानावर सकाळी फिरणाऱ्या मंडळींचा एक गट होता. फेऱ्या झाल्या की फाटकाबाहेरच्या गाड्यावर मिरचीभजी आणि चहा. त्यातले एक कापडदुकानदार माझ्याकडे वजनाची तक्रार घेऊन आले. मी भज्यांचं विचारलं तर म्हणाले, "म्याडम, एवढा घाम गाळला, मग भज्याचा बी हक्क न्हाई का मानसाला?"

तुझा प्रश्न तोच आहे, फक्त घड्याळाच्या तोंडून आलेला.

आधी शास्त्र सांगून टाकते. मनगटावरचं घड्याळ अंदाज सांगतं, आणि तो बऱ्याचदा वरचा असतो. त्या आकड्यात, तू नुसती खुर्चीत बसून राहिली असतीस तरी शरीरानं जे जाळलं असतं, त्यातलंही कधी कधी मिसळलेलं असतं. दुसरं, मी कुणाला आहार आखून देते तेव्हा 'तुम्ही दिवसभर काय करता, चालता का' हे विचारूनच देते. चालणं त्यात धरलेलं असतं. वर पुन्हा घड्याळ बघून खाल्लं तर एकाच लग्नात दोनदा आहेर केल्यासारखं होतं. आणि तिसरं, वजन उतरतं ते जाणं आणि येणं यात जे अंतर पडतं त्यामुळे. ते अंतर रोज रात्री भरून काढलं तर वजन कुठून उतरणार?

इथवर वाचून तू म्हणशील, म्हणजे 'नाही'. थांब. आता मी तुला आक्कांची गोष्ट सांगते. गोष्टीतली नावं मी बदलली आहेत.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या काळात एक दिवस ओपीडीत तीन माणसं आली. गौतम सर, हायस्कूलला गणित शिकवणारे, चेहरा सुजलेला, डाव्या हातावर डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुल्याचा फुगवटा. त्यांच्या पत्नी वंदना, हातात रिपोर्टांची जाड पिशवी. आणि सरांची थोरली बहीण, जिला सगळे आक्का म्हणत. हदगाव तालुक्यातल्या खेड्यातली बाई, पन्नाशीच्या अलीकडची, चांगली उंचनिंच आणि चांगलीच वजनदार. आक्का भावाला मूत्रपिंड देणार होती. रक्त जुळलं होतं, बाकीचंही जुळत होतं. पण हैदराबादच्या सर्जननी सांगितलं होतं की एवढ्या वजनावर दाता म्हणून घेणार नाही. ऑपरेशनचा धोका आक्कांना आहे, आणि पुढे एका मूत्रपिंडावर जगायचं तेही त्यांनाच आहे. आधी वजन उतरवा, मग या.

"किती उतरवायचं?" मी विचारलं.

सरांनी आकडा सांगितला. आक्का म्हणाली, "येवढं? येवढ्यात तर एक शेरडू येतंय, म्याडम."

सगळे हसले, सरही. पण त्यांची सूज आणि श्वास बघून मला कळत होतं की वेळ फार नाही. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मशीनला जोडून घ्यायचं, दुसऱ्या दिवशी गळून पडायचं, तिसऱ्या दिवशी शाळेत जायचा प्रयत्न करायचा, असं त्यांचं चाललं होतं.

आक्का मुक्कामाला भावाच्या घरी नांदेडलाच राहिली. मी तिला आहार आखून दिला आणि पहाटे चालायला सांगितलं. ती बाई शब्दाची पक्की. साडीवर पायात बूट घालून चालायला लागली. पोरं हसली तर त्यांना म्हणाली, "हसा. तुमच्या मास्तरचीच बहीन हाय, घरी सांगन."

महिन्यानं आली. काटा जागचा हलला नव्हता. पुढच्या महिन्यातही तेच. मी थायरॉइडची तपासणी करून घेतली, ठीक होती. आक्का खाली मान घालून बसलेली. सर उलट मलाच धीर देत होते, "होईल म्याडम, होईल." आणि वंदना कोपऱ्यात गप्प. त्या गप्प बसण्यात काहीतरी होतं, म्हणून मी तिला एक कागद द्यायच्या निमित्तानं थांबवून घेतलं.

"घरी काय चाललंय?"

"काय सांगू मॅडम," ती म्हणाली. "दोन चुली करून राहिले मी. एक बिनमिठाची, एक तुपाची."

मग कळलं. सरांच्या मुलानं पुण्याहून त्यांना असंच एक घड्याळ पाठवलं होतं. स्वतः न घालता ते त्यांनी आक्काच्या मनगटावर बांधलं. पहाटे आक्का फिरून आली की सर तिचा हात हातात घेऊन आकडा वाचायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून सांगायचे, आज एवढे. तेवढ्याचं जेवण मी आखून दिलेल्या आहाराच्या वर. भाकरीवर तूप, दाण्याची चटणी, कधी शिरा, रविवारी पुरणपोळी. आक्का जेवायला बसली की सर समोर पाट घेऊन बसायचे. त्यांचं स्वतःचं जेवण तुम्हाला कल्पना करता येणार नाही असं होतं. भाजी चिरून पाण्यात भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची. मीठ नावाला. केळं बंद, टोमॅटो बंद, आमटी मोजून. पाणीसुद्धा मोजून.

मी सरांना एकट्याला बोलवून घेतलं. निदान मला वाटलं एकट्याला. आक्का दाराबाहेरच्या बाकावर होती आणि आमच्या ओपीडीच्या दाराला नीट कडी कधीच लागत नसे.

"सर, आक्कांना जास्तीचं का खाऊ घालता?"

"जास्तीचं न्हाई, म्याडम. बरोबर तेवढंच. समीकरण आहे ना. जेवढं गेलं तेवढं आलं पायजे. दोन्ही बाजू समान."

"सर, दोन्ही बाजू समान राहिल्या तर वजन कमी कुठल्या बाजूचं होणार?"

आयुष्यभर फळ्यावर समीकरणं सोडवलेला माणूस. त्यांनी माझ्या टेबलावरची प्लास्टिकची भाकरी उचलून हातात धरली. पेशंटना आकार दाखवायला आम्ही तशा ठेवत असू.

"मला कळत नव्हतं असं समजू नका," ते म्हणाले. "पैल्या आठवड्यातच कळलं होतं. पर मला आता कशाचीच चव येत न्हाई. तोंडात सारखं लोखंड असल्यागत लागतं. आक्का जेवायला बसली, तिनं चटणीला बोट लावलं, की मला आठवतं कसं लागत असंल. तेवढ्यासाठी बसतो म्या. आन दुसरं असं, की माहेराला आलीय ती. उद्या माझ्यासाठी पोट फाडून घेनार. तिला अर्ध्या भाकरीवर उठवू? कसं उठवू, तुमीच सांगा."

"आणि आक्का का खातात?"

"ती बी जानून हाय. म्या बघतो म्हणून खाते."

मी एवढंच म्हणाले, "सर, आक्का तुमच्यासाठी खातात आणि तुमच्यासाठीच त्यांना उतरायचंय. दोन्ही होणार नाही. आणि तुमच्याकडे वेळ किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे." सरांनी मान हलवली. मी ठामपणे सांगितलं, "चाललेलं परत खायचं नाही."

ईरा, हे ते एका शब्दाचं उत्तर. बाहेर बाकावर बसलेल्या बाईनं ते शब्दशः ऐकलं.

त्यानंतर वजन उतरू लागलं. फारच भराभर उतरू लागलं. सगळे खूश. हैदराबादहून निरोप आला की या वेगानं लवकरच तारीख देऊ. मलाही बरं वाटलं. मग एका सकाळी वंदनाचा फोन आला की आक्का मैदानाच्या कोपऱ्यावर चक्कर येऊन पडली, कपाळाला खोक पडली, वॉर्डात आणलंय.

मी खाली वॉर्डात गेले. सलाईन चालू होतं. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. उशीवर केस गळून पडलेले. तपासणीत रक्त बरंच कमी निघालं. चौकशी केली तेव्हा कळलं की ती सकाळी चालत होतीच, पण संध्याकाळीही चालत होती, आणि दिवसाला जेमतेम चतकोर भाकरी आणि बिनदुधाचा चहा एवढ्यावर राहत होती. भावासमोर ताट घेऊन बसायची, भाकरी कुस्करायची, हलवायची, आणि त्याची नजर वळली की पदराआड घेऊन मागच्या दारी कुत्र्याला घालायची.

"आक्का, हे काय केलंत?"

"तुमीच म्हनला की. चाललेलं खायाचं न्हाई."

"चाललेलं खाऊ नका म्हटलं. जेवू नका नाही म्हटलं."

"मंग काय फरक?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "जेवढं चालते तेवढं वजा केलं, तर मागं येवढंच उरतंय. म्या बी गनिताच्या मास्तरचीच बहीन हाय." जरा वेळानं म्हणाली, "त्याचं तोंड बगा म्याडम. काळं पडाय लागलंय. मला घाई हाय."

हैदराबादच्या डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली. एवढ्या अशक्त बाईला टेबलावर घेणार नाही, म्हणाले. तोवर वजनाची हरकत होती, आता रक्ताची झाली. तारीख गेली ते ऐकून सर कॉरिडॉरमधल्या लोखंडी खुर्चीवर बसले, आणि मी जवळ गेले तशी पिशवी उचलून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली. मी नोकरीत बरेच रागावलेले नातेवाईक पाहिले. न रागावलेला तो एकच मला अजून दिसतो.

आक्काला घरी सोडल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आमच्या कामात घरी जायची पद्धत नव्हती, पण ओपीडीतल्या खुर्चीवर बसून हे सुटणार नाही एवढं समजलं होतं. दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात सरांची पुस्तकं. सगळ्यांना समोर बसवून मी सांगितलं. घड्याळ कपाटात ठेवा. चालणं एकदाच, सकाळी, आणि उपाशीपोटी नाही. आधी चार फुटाणे खाऊन जायचं. आल्यावर ठरलेलं जेवण, दोन वेळा पोटभर: भाकरी, घट्ट वरण, अंडं, पालेभाजी. चाललं म्हणून वर काही नाही, आणि चाललं म्हणून त्यातून कमीही काही नाही. एखाद्या दिवशी जास्त राबणं झालं आणि खरीच भूक लागली तर ताक नाहीतर मूठभर दाणे. तेही भूक लागली तर. आकडा मोठा आला म्हणून नव्हे.

"आणि शेवटचं," मी म्हटलं, "आक्कांना कुणी वाढायचं नाही. त्या स्वतःच्या हातानं घेतील, आणि पुरे झालं की उठतील."

सर ताठ झाले. "हे न्हाई जमनार म्याडम. माहेराला आलेल्या बाईनं हातानं वाढून घ्यायचं? आमच्या आईच्या माघारी तिला वाढणारं कोन हाय? लोक काय म्हनतील, भावानं ताटाला हात लावू दिला न्हाई? पाव्हनी हाय ती घरची."

आक्काही त्यांचीच बाजू घेऊ लागली, "ऱ्हाऊ द्या म्याडम, त्याचं मन..."

तेव्हा वंदना बोलली. इतके दिवस ती फक्त दोन चुलींवर रांधत होती. पदरानं हात पुसत दारात आली आणि नवऱ्याला म्हणाली, "पाहुणी कशाची? पाहुणी कधी किडनी देत असते का? साडीचोळी घेऊन जाते पाहुणी. ह्या घरच्या हायत. घरच्या माणसानं हातानं घेतलं तर काय बिघडलं? मी रोज घेते. मला कधी विचारलं का, झालं का म्हणून?"

आक्का तोंडावर पदर धरून हसली, मग हसता हसता रडली. वंदनानं तिच्यापुढे भाकरींची टोपली सरकवली आणि आत निघून गेली.

त्यानंतर वजन हळूहळू उतरलं. मला हवं होतं तसं, कुणाच्या लक्षात न येण्याइतकं हळू. रक्त वाढलं, केस गळायचे थांबले. या अवधीत सरांना दोनदा दवाखान्यात भरती करावं लागलं, एकदा तर आशा सोडावी अशी वेळ आली. पहिले दोन महिने वाया गेले नसते तर ती वेळ आली नसती, हे आमच्यापैकी कुणीच बोललं नाही. ऑपरेशन हैदराबादला झालं आणि दोघंही सुखरूप घरी आले हे आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. आक्का आपल्या गावी आहे, कापूस वेचते, आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून रक्तदाब तपासायला न चुकता नांदेडला येते.

तर ईरा, उत्तर. घड्याळ दाखवतं तेवढं परत खाऊ नकोस. पण ते दाखवतं तेवढं ताटातून वजाही करू नकोस. नीट आखलेलं जेवण रोज पुरतं जेव, आणि चाल ते चालण्यासाठी चाल. फार लांब पळालीस आणि खरी भूक लागली तर साधं काहीतरी खा आणि विसरून जा. आणि एखाद्या दिवशी घड्याळ बघितल्याशिवाय जेवता येईनासं झालं, तर घड्याळ काढून ठेव आणि मला फोन कर. तुमच्याकडे रात्र असो की दिवस. परवा कॅमेऱ्यात तुझा चेहरा उतरलेला दिसला. तो कॅमेऱ्याचा दोष असेल तर बरं.

आक्कांच्या केसचा शेवट माझ्या लेखी हैदराबादला झाला नाही. ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जेवायला बोलावलं होतं. ज्वारीच्या भाकरी, मेथीची भाजी, वरण. सर नेहमीच्या जागी, आक्कासमोर, स्वतःचं बेचव ताट घेऊन बसलेले. आक्कानं आपल्या हातानं भाकरी घेतली, चटणी घेतली, सावकाश चवीनं जेवली. अर्धी भाकरी आणखी घेतली. मग बोटं ताटाच्या कडेला पुसली आणि थांबली.

टोपलीत अजून दोन गरम भाकरी होत्या. सरांचा हात त्यांच्याकडे गेला. वंदनानं माझ्याकडे बघितलं. हात टोपलीच्या काठावर थोडा वेळ थांबला.

"झालं का, आक्का?"

"झालं रे. पोट भरलं."

"बरं," सर म्हणाले, आणि त्यांनी भाकरींवर फडकं पांघरलं.